पापाजींचा दहावा

"दहावा कुठल्या घाटावर करणार?" मामाने फोनवर विचारलं. पापाजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा पुरता एक दिवसही झाला नव्हता.

मी म्हटलं, "मामा, आमच्यात दहावा नसतो. दहाव्या दिवशी पाठाचा भोग असतो, म्हणजे ग्रंथाच्या पाठाची समाप्ती, पण पिंड वगैरे काही नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग जिवाला गती कशी मिळायची गं?"

मामाच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी काळजी होती. म्हणून त्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. आता दोन महिने झालेत. जे तेव्हा सांगता आलं नाही ते इथे लिहून काढते आहे.

आम्ही नांदेडचे दखनी शीख. घर शहीदपुऱ्यात, दुकान वजिराबादेत. पापाजींच्या घरात पिढ्यान्पिढ्या घरातली बोली दखनी आणि बाजारातली मराठी. आई मात्र हिंगोली जिल्ह्यातली, नर्सीच्या जवळच्या एका गावची, माळकरी घरातली. १९८७ साली तिने आधी अमृत घेतलं, म्हणजे खालसा दीक्षा, आणि मग आनंद कारज, म्हणजे शीख पद्धतीचं लग्न, झालं. माहेरचा उंबरा तिला त्यानंतर सहा वर्षं बंद होता. पहिल्यांदा आला तो हाच मामा, माझ्या चौथ्या वाढदिवसाला, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तेव्हापासून तो आमचाच आहे. मी स्वतः इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते.

पापाजींच्या दुकानात जळालेल्या मोटारी भरून दिल्या जायच्या. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी पडलं की बोअरच्या मोटारी धडाधड जळतात. मग लोहा, मुदखेड, अर्धापूरकडचे शेतकरी टमटममध्ये मोटार टाकून येतात आणि "सरदारजी, ऊस वाळून चाललाय" म्हणत पायरीवर बसून राहतात. जुनी कॉइल छिन्नीने कापून ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, नवी तार गुंडाळून कॉइली घालायच्या, दोऱ्याने बांधायच्या, वार्निश द्यायचं आणि वाळवायचं.

या धंद्यात फसवायचं म्हटलं तर फार सोपं आहे. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. तसाच थर ॲल्युमिनियमच्या तारेवरही असतो आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. शेतकऱ्याला कळायचं काही कारण नाही. पापाजी नव्या रिळाचं टोक गिऱ्हाईकाच्या समोर ब्लेडने खरवडायचे आणि आतला लाल रंग त्याला दाखवायचे, त्याने मागितलं असो वा नसो. जळकी तार काढली की तीही त्याच्यासमोरच काट्यावर चढायची. जुनं तांबं त्याचं असतं. हवं तर घेऊन जा, नाहीतर भंगारच्या भावाने बिलातून वजा. बरेच जण तो विषयच काढत नाहीत, कारण शेतकऱ्याला पाण्याची घाई असते आणि जळक्या तारेची आठवण नसते. पापाजी आठवण करून द्यायचे.

शाळेत असताना कोणी विचारलं की तुमच्या धर्मात काय काय पाळावं लागतं, तर मी पाच ककार सांगायचे. केस, कंगा, कडा, कच्छेरा, किरपाण. ते खरंच आहे. पण आमच्या घरात "रहत" म्हणजे शिखाची आचारशिस्त, हा शब्द जास्त वेळा त्या काट्याजवळ ऐकू यायचा. किरत करणी, नाम जपणा, वंड छकणा: कष्टाचं कमवावं, नाम घ्यावं, वाटून खावं. तिन्ही गोष्टी त्या आठ बाय बाराच्या दुकानात होत होत्या. गल्ल्याशेजारी वनस्पती तुपाचा एक जुना डबा होता. दिवसाच्या कमाईतला दहावा हिस्सा संध्याकाळी त्यात पडायचा, तो दसवंध. महिनाअखेरीला त्या पैशांची तूरडाळ, गहू नाहीतर तेल लंगरला जायचं. ज्या दिवशी एकही मोटार आली नाही त्या दिवशी पापाजी डब्याचं झाकण नुसतं उघडून बंद करायचे. का ते मी कधी विचारलं नाही.

आणि नाम? त्याचं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. कॉइल गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. एक जरी चुकला तरी मोटार गरम होते. सुरुवातीला ते काम करताना जपुजी साहिब म्हणायला जायचे, तर मोजणी चुकायची. मोजणीकडे लक्ष दिलं तर पाठ चुकायचा. मग त्यांनी दर वेढ्याला "वाहेगुरू" म्हणायला सुरुवात केली. वाहेगुरू एक, वाहेगुरू दोन. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी किती वेढे गुंडाळले असतील!

यात त्यांचा आधार होता आपला नामदेव. गुरू ग्रंथ साहिबात कबीरांच्या श्लोकांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, अरे नामा, मायेत गुंतून कापडावर छापे कसले मारत बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, "हाथ पाउ करि कामु सभु, चीतु निरंजन नालि." हातापायांनी सगळं काम कर, चित्त मात्र निरंजनापाशी असू दे. ही ओळ दुकानात कुठेही लिहिलेली नव्हती. पापाजींना ती लिहून लावायची गरज वाटली नसावी.

'सिख रहत मर्यादा' ही आमच्या घरातली सगळ्यांत पातळ पुस्तिका. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९३१ पासून विद्वानांना बसवून, मसुदे फिरवून, हरकती ऐकून ती तयार केली आणि १९४५ साली तिला आजचं रूप आलं. त्याआधी अठराव्या शतकापासून निरनिराळे रहतनामे होते, पण त्यांचं एकमेकांशी सगळीकडे जुळत नव्हतं. मुळाशी अर्थात १६९९ ची आनंदपूरची बैसाखी, खालसा पंथाच्या स्थापनेची. त्या दिवशी शीर द्यायला उठलेल्या पाचांपैकी भाई साहिब सिंघ आमच्या शेजारच्या बीदरचे. दखनी शिखांच्या घरात हे मुलांना अ-आ-इ बरोबरच सांगतात.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर शीख कोण याचं उत्तर आहे. एका अकाल पुरखावर म्हणजे परमेश्वरावर, दहा गुरूंवर, गुरू ग्रंथ साहिबावर, गुरूंच्या वाणीवर आणि दशमेशांच्या म्हणजे दहाव्या गुरूंच्या अमृतावर ज्याची श्रद्धा आहे आणि जो दुसरा कुठला धर्म मानत नाही, तो. पुढे नितनेम, म्हणजे रोजचे पाठ: पहाटे जपुजी, जाप आणि दहा सवय्ये, संध्याकाळी सोदर रहिरास, झोपताना सोहिला. पुढे चार मोठ्या कुरहती म्हणजे वर्ज्य गोष्टी, ज्या घडल्या तर पुन्हा अमृत घ्यावं लागतं: केसांची बेअदबी, कुठ्ठा म्हणजे हलाल पद्धतीचं मांस, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, आणि तंबाखू. तंबाखूचा नियम दुकानात फार दिसायचा. पायरीवर बसलेले म्हातारे शेतकरी चंची काढायच्या आधी आपणहून उठून रस्त्याच्या पलीकडे जायचे. पापाजी त्यांना कधी काही बोलले नव्हते. जाऊन आले की त्यांच्यासाठी चहा मागवायचे.

इथे एक सांगायला हवं, कारण बाहेरचे लोक गोंधळतात. आमच्या तख्ताची म्हणजे धर्मपीठाची, नांदेडच्या हजूर साहिबची, स्वतःची जुनी मर्यादा आहे. तिथे गुरू ग्रंथ साहिबांसोबत दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो, म्हणजे तोही उघडून मांडलेला असतो, दिव्यांची आरती होते, शस्त्रांना चंदनाचा टिळा लागतो आणि रोज गोदावरीवरून गागर भरून आणली जाते. अमृतसरच्या पुस्तिकेत आरतीच्या ताटाला जागा नाही. यावरून पंजाबातून आलेले यात्रेकरू कधी कधी आमच्याशी वाद घालतात. पापाजी म्हणायचे, "तख्त पे तख्त की, घर में किताब की." मला हे उत्तर आजही पटतं. १७०८ साली गुरू गोबिंदसिंघजींनी याच गावात देह ठेवला आणि ग्रंथाला गुरुगादी दिली. त्या जागेचं काही वेगळं जपलं जात असेल तर ते जपलं जावं.

आता पापाजींची एक चूक सांगते. तीच सांगितली नाही तर ते कसे होते हे कळायचं नाही.

२०१४ मध्ये माझं लग्न ठरलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. नात्यातल्या काही जणांनी पापाजींच्या मागे लकडा लावला की दाढी काळी करून घ्या, मुलीचा बाप फार म्हातारा दिसतोय. त्यांनी तीन वेळा नाही म्हटलं आणि चौथ्या वेळी बसले. आनंद कारजच्या सगळ्या फोटोंत त्यांची दाढी काळीकुट्ट आहे. चारी लावांना म्हणजे फेऱ्यांना माझ्या पाठीमागे उभे आहेत आणि एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

पांढरे केस उपटणं किंवा रंगवणं ही रहत मर्यादेप्रमाणे तनखाह, म्हणजे प्रायश्चित्त, लागणारी चूक आहे. हुंडा घेणं-देणं, नशा करणं यांच्याच यादीत तिचं नाव आहे. कुठे लोकांचे काळे व्यवहार आणि कुठे केसांचा काळा रंग, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण माझी पाठवणी झाल्यावर पुढच्याच रविवारी पापाजी आमच्या मोहल्ल्यातल्या गुरुद्वारात हात जोडून संगतीसमोर उभे राहिले आणि जे झालं ते त्यांनी सांगितलं. पाच प्याऱ्यांनी, म्हणजे संगतीने नेमलेल्या पाच अमृतधारी शिखांनी, विचार करून तनखाह लावली: आठ दिवस जोडे सांभाळायचे आणि लंगरची भांडी घासायची.

मी माहेरपणाला आले होते. तिसऱ्या दिवशी जोडाघरात गेले तर पापाजी सतरंजीवर बसून एका मुलाची शाळेची चप्पल पुसत होते. चपलेला ओला चिखल होता. आधी काडीने खाचांतला चिखल काढला, मग फडकं, मग उपरण्याच्या टोकाने पट्टा. कॉइलच्या खाचा साफ करायचे अगदी तशीच. दाढीच्या मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "बस, पाच दिन और." चेहरा इतका हलका झालेला होता की माझ्या लग्नात तो तसा असायला हवा होता.

पुस्तिकेत या बाबतीत जे लिहिलंय ते मला फार मोलाचं वाटतं. चूक करणाऱ्याने तनखाह घ्यायला कां-कू करायची नाही. संगतीने माफ करताना हट्ट धरून बसायचं नाही. आणि तनखाह म्हणजे सेवा, शक्यतो हातांनी करता येईल अशी. नवव्या दिवशी अरदास म्हणजे प्रार्थना झाली आणि विषय मिटला. पुढच्या अकरा वर्षांत त्या दाढीबद्दल एकही माणूस बोलला नाही. त्यांना रंग लावायला बसवणारेही नाहीत.

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी ठरली. तयारी करायला एक मुलगा वस्तरा घेऊन आला, पापाजींनी हात जोडले, तो वैतागला. मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मनगटातून करू, एक केसही काढायची गरज नाही. कडा उजव्या हातातून डाव्या हातात गेला आणि तपासणी झाली. नियम समजून घ्यायला त्या डॉक्टरांना दोनच मिनिटं लागली. तपासणीत जे निघालं त्यावर मात्र फारसा इलाज नव्हता.

ते गेले फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमारास, घरीच, त्यांच्या बाजेवर. श्वास लांबायला लागला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "खाली घ्या गं, खाली घ्या, बाजेवर जीव जाऊ देऊ नये." आईचा हात नकळत त्यांच्या खांद्याखाली गेला. तिच्या वडिलांना असंच खाली घेतलं होतं. तोंडात तुळशीचं पान, गंगेचं पाणी. मी तिच्या हातावर हात ठेवला. मर्यादेत स्पष्ट आहे: बाजेवर असलेल्याला खाली उतरवायचं नाही, दिवा-गोदान काही नाही, फक्त बाणी म्हणायची नाहीतर वाहेगुरू वाहेगुरू. आईने हात काढला नाही, तिथेच खांद्याखाली राहू दिला. आणि आम्ही दोघी म्हणत राहिलो. काकूही म्हणायला लागल्या. शेवटचे श्वास मी मोजले. दर श्वासाला एक वाहेगुरू, त्यांच्या वेढ्यांसारखे.

काका बीदरहून निघाले होते, पोहोचायला सात वाजणार. तोवर अंधार. कोणी म्हणालं, आता सकाळीच करा, रात्री अग्नी देत नाहीत. पण रहतीत दिवस-रात्रीचा विधिनिषेध नाही. काका आले, पुरुषमंडळींनी पापाजींना आंघोळ घातली, पाचही ककार अंगावर ठेवूनच स्वच्छ कपडे घातले. मग पगडीची वेळ आली.

लहानपणी रोज सकाळी शाळेला जायच्या आधी माझं एक काम असायचं. पापाजी पगडीच्या कापडाचं एक टोक धरायचे, दुसरं टोक घेऊन मी अंगणाच्या दुसऱ्या कडेला जायचे. दोघांनी ताणून, झटकून, घडीवर घडी घालत पूणी करायची. मी सैल धरलं की ते नुसती भुवई उडवायचे. त्या रात्री काकांनी निळ्या कापडाचं एक टोक हातात घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. अंगण तेवढंच होतं. कापड ताणलं तेव्हा त्यातून साबणाचा आणि वार्निशचा वास आला. कितीही धुतलं तरी त्यांच्या कपड्यांतून वार्निश जात नसे. पेच काकांनी घातले. पांढरीशुभ्र दाढी विंचरली.

स्मशानात मडकं नव्हतं. आईच्या गावाकडे खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेऱ्या, दर फेरीला भोक, मग फोडणं. आमच्याकडे यातलं काही करत नाहीत. अग्नी मुलानेच द्यावा असंही मर्यादेत नाही. मुलगा, कोणी नातलग, मित्र, कोणीही. मी दिला. कोणाला वेगळं वाटल्याचं मला दिसलं नाही. चिता चांगली पेटल्यावर संगत थोडी बाजूला बसली आणि सोहिला म्हटला. पापाजी रोज झोपण्याआधी म्हणायचे तोच. कपालक्रियाही नाही. कवटी फुटल्याशिवाय जीव सुटत नाही असं गुरूंनी मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहज पाठ, म्हणजे संपूर्ण ग्रंथाचं टप्प्याटप्प्याने वाचन, सुरू झाला. गुरू ग्रंथ साहिबाचे १४३० अंग म्हणजे पानं, दहा दिवस, म्हणजे रोज १४३. काका, चुलतभाऊ, मोहल्ल्यातल्या दोन आज्या आणि मी आळीपाळीने बसायचो. आई गुरुमुखी लग्नानंतर शिकली. तिचं वाचन सावकाश, बोट ओळीखाली ठेवून. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "नामदेव आले की मला उठवा." नामदेवांचे ६१ शबद म्हणजे पदं आहेत आणि ते निरनिराळ्या रागांत विखुरलेले आहेत. मी अंगांच्या आकड्यांची एक चिठ्ठी करून भिंतीला लावली. आई रात्री दोनलाही उठायची, तोंड धुऊन, डोकं झाकून बसायची.

पाठाच्या सातव्या दिवशी रामकली राग आला. त्यात बाबा सुंदरजींची 'सद्द' आहे. बाबा सुंदर गुरू अमरदासांचे पणतू. १५७४ मध्ये गोइंदवालला गुरू अमरदासांनी देह ठेवण्याआधी सगळ्या परिवाराला जवळ बोलावून जे सांगितलं ते त्यात आहे. माझ्यामागे कोणी रडू नका, ते मला मुळीच आवडणार नाही. माझ्यामागे कीर्तन करा. ते अंग माझ्या वाट्याला आलं. रडायचं नाही असं लिहिलेल्या ओळीवरच माझा आवाज फुटला. काकांनी रुमालाचं टोक पुढे केलं, पण पाठ आपल्याकडे घेतला नाही. थांबले. मी पुरं केलं.

त्याच दिवशी, त्याच रागात, संध्याकाळी आईची पाळी. "आनीले कागदु काटीले गूडी, आकास मधे भरमीअले. पंच जना सिउ बात बतऊआ, चीतु सु डोरी राखीअले." कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात उडवला. पोरगा पाच जणांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीवर आहे. आणीले, कापीले, राखीले! मराठी कानाला ही क्रियापदं घरचीच वाटतात. आईने शबद संपवला आणि वाचायची थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तर आमच्या गावच्या बोलण्यासारखं आहे." पंजाबात घुमानला नामदेवांचं मोठं स्थान आहे, तिथले लोक त्यांना आपले म्हणतात, आणि ते आहेतच. पण त्या संध्याकाळी त्या खोलीत ते आईच्या माहेरचे होते.

रक्षेचा प्रश्न त्याआधीच, तिसऱ्या दिवशी निघाला होता. दूरच्या एका नातलगांचा आग्रह होता की अस्थी किरतपूरला न्याव्यात, तिकीटही ते काढणार होते. मर्यादा म्हणते, अस्थी वेचून गंगेत, किरतपूरच्या पातालपुरीला किंवा कर्तारपूरला नेणं हे मनमत, म्हणजे गुरूंच्या शिकवणीबाहेरचं. चिता थंड झाली की राख अस्थींसकट उचलावी आणि जवळच्या वाहत्या पाण्यात सोडावी, नाहीतर तिथेच पुरून जमीन सपाट करावी. त्या जागी आठवण म्हणून काहीही बांधायचं नाही. सगळं एकत्र एका कापडात भरलं आणि गोदावरीत सोडलं. पाच मिनिटांचं काम. नदीला पाणी बेताचंच होतं, तरी ओढ होती.

पाठाच्या दहाव्या दिवशी मामा-मामी पहाटेच आले. मामाच्या पिशवीत काय होतं हे मला माहीत आहे, कारण नंतर मामीने सांगितलं. काळे तीळ, दर्भ आणि तांदळाचं पीठ. त्याने पिशवी उघडली नाही. कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "मी काय करू?" कडाह प्रसाद व्हायचा होता. कणीक, तूप, साखर, तिन्ही सारख्या वजनाची. मी त्याला काट्याजवळ बसवलं. त्याने तिन्ही गोष्टी एकेक करून तोलल्या, काटा स्थिर होईपर्यंत हात मागे घेऊन.

भोग पडला, अरदास झाली, ग्रंथ उघडून हुकमनामा वाचला, प्रसाद वाटला. गल्लीत लंगरची पंगत बसली आणि मामा बादली घेऊन पाणी वाढत फिरला. पंगतीत तमाम शहीदपुरा होता, पायरीवरचे शेतकरी होते, काकू होत्या. एका म्हाताऱ्याने मामाला विचारलं, तुम्ही सरदारजींचे कोण? तो म्हणाला, "मेव्हणा. सख्खा."

दुपारी आई मागच्या अंगणात ज्वारी टाकत होती. पाखरांना दाणे टाकणं हे तिचं चाळीस वर्षांचं रोजचं काम. गच्चीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मामा दारात उभा होता, मीही होते. आईने वर बघितलं, मामाने वर बघितलं. मला कळत होतं की दोघंही काय आठवत असतील: घाट, पानावरचे पिंड, आणि कावळा शिवेना म्हणून हात जोडून बसलेलं सगळं घर. त्यांच्या वडिलांच्या वेळी दोन तास शिवला नव्हता. शेवटी कोणीतरी म्हणालं होतं की त्यांची इच्छा लेकीत अडकली आहे. त्यावेळी आई घाटावर नव्हती. तिला बोलावलंच नव्हतं. हे मामाने तिला कधीतरी फार उशिरा सांगितलं आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

कावळा खाली उतरला नाही, थोड्या वेळाने उडून गेला. आईने मूठ रिकामी केली, हात झटकले आणि मामाला म्हणाली, "चहा घेणार ना?"

मामाने पुन्हा गतीचं विचारलं नाही. मीही त्याला समजावायला गेले नाही. गुरूंच्या सांगण्याप्रमाणे, माणूस गेल्यावर आपण घाटावर जे करू त्यावर त्याचं काही अवलंबून नसतं. ते त्याने जगताना केलेलं असतं. पापाजींनी काय केलं हे मामाने माझ्याइतकंच बघितलं होतं. त्याच्या स्वतःच्या विहिरीची मोटार दोनदा आमच्याच दुकानात भरली गेली आणि दोन्ही वेळा जळक्या तांब्याचे पैसे बिलातून वजा झाले होते.

अकराव्या दिवशी दुकान उघडलं. कारागीर बावीस वर्षं पापाजींच्या हाताखाली काम केलेला. त्याला आता सगळं येतं. एक मोटार अर्धी भरून राहिली होती, मुदखेडकडच्या एका शेतकऱ्याची. तो सकाळपासून पायरीवर होता, पण मोटारीचं नाव तोंडातून काढत नव्हता. कारागिराने उरलेल्या कॉइली घातल्या, बांधल्या. आई गल्ल्यावर बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या तारेचं भेंडोळं कोपऱ्यात पडलं होतं, पापाजींनी काढून ठेवलेलं. शेतकरी म्हणाला, "राहू द्या ताई, त्याचं काय एवढं."

आईने ते उचलून काट्यावर ठेवलं, वाकून आकडा बघितला आणि वहीत लिहिला. पैसे घेतले, वजा केले, सुटे परत दिले. मग गल्ल्याशेजारचा डबा पुढे ओढून झाकण उघडलं.